वरणातली पूड

मी रोज तेच जेवते. सकाळी डब्यात पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी, रात्री तुरीचं साधं वरण आणि भात. वरणात हळद, हिंग, मीठ. फोडणी नाही, कोथिंबीर तर नाहीच. घरात याला 'हिचे नखरे' म्हणतात आणि आई ते वीस वर्षं पुरवत आली आहे. त्यामुळे दीड वर्षापूर्वी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, पहिल्याच घासाला मला कळलं की वरणात काहीतरी आहे. कडू नव्हतं. जुन्या नाण्याला जीभ लावावी तशी चव, तीही घास गिळल्यावर, मागून येणारी.

"डाळ नवीन आहे गं," आई म्हणाली. डाळ नवीन नव्हती. डबा पंधरा दिवसांपूर्वी मीच भरला होता.

चौथ्या दिवशी ओव्याच्या बरणीमागे पाकीट सापडलं. वर खांदे पाडून बसलेल्या एका मिशीवाल्याचं चित्र, शेजारी हात जोडून उभी त्याची बायको. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.' घटकांच्या जागी 'दुर्मिळ वनौषधी' एवढंच. मावशीने कुरियरने मागवून दिलं होतं. त्या मिशीवाल्याच्या जागी मी होते: वय २३, डिप्लोमा मेकॅनिकल, नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, मुक्काम सिडको.

आई रडली. मी रडले नाही. मला त्या क्षणी पडलेला प्रश्न खरंच एवढाच होता, की आता रात्री जेवायचं काय?

तिला कळलं होतं ते साफसफाईत. डिप्लोमाच्या वेळचं ड्रॉइंग शीटचं नळकांडं माळ्यावर होतं, ते तिने झाडायला उचललं आणि आत किणकिणलं. व्होडकाच्या नव्वद मिलीच्या रिकाम्या बाटल्या त्यात एकावर एक अशा बसतात की जणू नळकांडं त्यांच्यासाठीच बनवलंय. अकरा मावतात. बारावी अडकते.

सुरुवात वाईनने झाली, एकोणिसाव्या वर्षी, गंगापूर धरणाच्या बाजूला, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकीच्या दारूला २५. कुणी वय विचारलं नाही. नाशिकमध्ये वाईनला दारू म्हटलं तर लोकांना राग येतो, हेही खरं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायच्या निर्णयावरून राज्यभर वाद पेटला, तेव्हा दिंडोरीकडे बाग असलेले आमचे शेजारचे काका गच्चीवर सगळ्यांना बजावत होते, की हा शेतीमाल आहे, याला दारू म्हणू नका. मी मान डोलावत होते. तोवर मी वाईन सोडून व्होडकावर आले होते, कारण वाईन मला कधी आवडलीच नाही. आंबट, आणि तोंड आवळून टाकणारी.

पण त्या पहिल्या संध्याकाळी दुसऱ्या ग्लासानंतर एक गोष्ट झाली. टेबलावर सात जणी एकदम बोलत होत्या आणि कुणाचं बोलणं संपलं, माझा नंबर कधी, हे मला आपोआप कळायला लागलं. एरवी मला ते मोजावं लागतं. समोरचीने श्वास घेतला की मनात एक, दोन म्हणायचं आणि बोलायला तोंड उघडायचं. बहुतेक वेळा तोवर विषय बदललेला असतो. त्या दिवशी मी मोजलं नाही. सगळ्या हसल्या, तेव्हा मीही वेळेवर हसले. रिक्षात एक मैत्रीण म्हणाली, "तू अशीच राहत जा ना, किती मस्त बोलतेस."

मी ते फार मनावर घेतलं.

पुढची चार वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवीन काही नाही. आधी फक्त लग्नं आणि वाढदिवस. मग नोकरी लागली. कारखान्यातला कॉम्प्रेसर, कॅन्टीनमध्ये एकावर एक आदळणारी स्टीलची ताटं, ट्यूबलाइटचा चोक. हे सगळं दिवसभर अंगावर साचायचं आणि घरी आल्यावर निघायचं नाव घेत नसे. रात्री माझ्या खोलीतला पंखासुद्धा प्रत्येक फेऱ्याला 'टक' करायचा. नव्वद घेतली की तो थांबायचा. म्हणजे फिरायचा, पण टक ऐकू येत नसे. मग शनिवारचं रोज झालं आणि नव्वदची क्वार्टर झाली. ॲक्टिवा, तोंडाला स्कार्फ, वाइन शॉपवर दोन मिनिटं. स्कार्फ बांधला की नाशिकमध्ये कुणी कुणाला ओळखत नाही.

त्याच वेळी बाकीचंही चालूच होतं. पगार दहा तारखेला संपायचा, गाडीची चावी फ्रिजमध्ये सापडायची, इन्स्पेक्शन रिपोर्ट भरायचा राहायचा. मोजमाप मी उत्तम करायचे, ते लिहायचं विसरायचे. सुपरवायझर म्हणायचे, "अगं, तू केलेलं काम दिसायला नको का?"

मग मायक्रोमीटर. हे जरा नीट सांगते. आमच्याकडे १२ मिमी व्यासाची एक पिन येते, तिला ११ मायक्रॉनची मुभा असते, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले अकरा. पिन जबड्यात धरायची, रॅचेट तीनदा टिकटिक होईपर्यंत फिरवायचं, आकडा वाचायचा. हात स्थिर हवा, श्वासही जरा रोखून धरायचा. हे काम मला कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतं. जुलैतल्या एका सकाळी शेवटचा आकडा थांबेचना. सहा, नऊ, चार, आठ. मला वाटलं सेल उतरला. सेल बदलला, तरी तेच. मी चाळीस पिना रिजेक्टच्या लाल ट्रेमध्ये टाकल्या. दुपारी सरांनी त्या परत मोजल्या. चाळीसच्या चाळीस बरोबर होत्या.

पिना बरोबर होत्या म्हणजे चूक कुठे होती, हे मला लगेच कळलं. कुणाला सांगितलं नाही. रात्री हिशेब मात्र केला. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने साधारण ६१ ग्रॅम. रोजचे. आकडा डोळ्यांसमोर आला आणि मी त्याच रात्रीची क्वार्टर उघडली.

महिनाभराने वरणाचं प्रकरण झालं. त्या शुक्रवारी मी ठरवलं, आता बंद. कुणाला न विचारता, एका झटक्यात. शनिवारी दुपारपर्यंत ब्लाउज पिळावा इतका घाम, छातीत धडधड, हात असे की पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला. झोप अजिबात नाही. रात्री एक वाजता मी १४४१६ ला फोन केला. टेलिमानस म्हणजे केंद्र सरकारची २०२२ पासूनची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. मला फोनवर बोलायची भयंकर भीती वाटते, म्हणून आधी वहीत लिहून काढलं: 'नमस्कार. मी रोज इतकी पिते. काल बंद केली. मला असं असं होतंय.' आणि ते वाचून दाखवलं. पलीकडच्या बाईंनी मधे तोंड घातलं नाही, हे मी अजून विसरले नाही. त्यांनी सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होऊ शकतो, हे एकटीने करायचं काम नव्हे. रात्री एकटी झोपू नका, काही भास किंवा झटका आला तर थेट हॉस्पिटल गाठा, नाहीतर उद्याच डॉक्टर.

मी आईच्या शेजारी जाऊन झोपले. तिने काही विचारलं नाही.

रविवारी ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "लग्नाचं बघा, आपोआप सुटेल." सोमवारी गंगापूर रोडवरच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी आधी नाडी, बीपी, हात पुढे करायला लावून कंप बघितला. मग दहा प्रश्नांची चाचणी घेतली, जागतिक आरोग्य संघटनेची, ४० पैकी. आठपासून पुढे धोका. माझे २३. पाकीट मी सोबत नेलं होतं. ते उलटसुलट करून त्या आईला म्हणाल्या, "ताई, यात काय आहे ते मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. असल्या पुडीत डायसल्फिराम निघालं आणि त्यावर ही प्यायली, तर चेहरा लाल होईल, उलट्या होतील, बीपी पडेल. जिवावर बेतू शकतं. ते औषध आम्ही देतो, पण माणसाला सांगून, त्याची तयारी असेल तरच." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

हा आठवडा घरीच निघाला, कारण मला पूर्वी कधी फिट आली नव्हती आणि आई चोवीस तास सोबत होती. तसं नसतं तर त्या ॲडमिटच करणार होत्या. कंप आणि फिट रोखायला क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, रोज कमी कमी करत सहा दिवस, आणि थायमिन, कारण रोजच्या दारूने शरीरातलं बी-वन कमी होतं. गोळ्यांचा डबा आईच्या ताब्यात. पप्पांना सांगितलं, व्हायरल आहे. पप्पा रोज संध्याकाळी शहाळं घेऊन यायचे. त्यांना त्या वेळी कळलं होतं की नाही, हे मी आजही विचारलेलं नाही.

सातव्या दिवशी हात थांबला. पण मला सांगायचंय ते इथून पुढचं आहे.

बाईंनी तिसऱ्या भेटीत विचारलं, "पहिला पेग कशासाठी घ्यायचीस?" मी म्हटलं, पंखा थांबवायला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाचवी ते दहावीची प्रगतिपुस्तकं मागवली. आईने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत जपून ठेवली होती. पाचवी: 'हुशार आहे, पण वह्या अपूर्ण.' सहावी: 'वर्गात लक्ष नसते.' सातवी: 'वस्तू हरवते.' सलग सहा वर्षं वेगवेगळ्या बाई जवळजवळ तेच लिहीत होत्या आणि पप्पा खाली सही करत होते. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि उतावळेपणाच्या अवस्थेच्या, निदानाला लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, म्हणून ही पुस्तकं. शिवाय दारू चालू असताना कुणाचंही लक्ष उडतं, त्यामुळे त्यांनी दोन महिने कोरडे जाऊ दिले आणि मग अठरा प्रश्न, मग आईची वेगळी मुलाखत. आईला विचारलं, लहानपणी ही कशी होती? आई म्हणाली, "अहो, ही पडायची नाही, आपटायची."

व्यसनावर उपचार घेणाऱ्यांमध्ये साधारण चारपाच जणांत एकाला एडीएचडी असतो, असं बाई म्हणाल्या, आणि बहुतेकांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. मुलींना तर नाहीच. मुलगी उड्या मारत नाही, ती वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघते. ब्रेक आधीच उशिरा लागणारी गाडी, त्यात दारू त्या ब्रेकवर तेल ओतते. मला हे समजलं, कारण मला गाड्या समजतात.

औषधाचं मात्र वाटलं तितकं सोपं नव्हतं. मेथिलफेनिडेट हे नेहमीचं औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, मोजकेच केमिस्ट ठेवतात, आणि नुकत्याच दारू सोडलेल्या माणसाला ते लगेच द्यायला डॉक्टर कचरतात. दोन्ही एकत्र गेले तर शरीरात तिसरंच रसायन तयार होतं. म्हणून मला ॲटोमॉक्सेटिन. त्याचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो. पहिले दहा दिवस मळमळ आणि तोंडाला कोरड. त्या मळमळीत तेच वरणसुद्धा नको वाटायचं. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी बघितलं, तर सगळे रिपोर्ट भरलेले होते. कधी भरले तेही आठवत होतं. गाडीची चावी खुंटीला होती.

आणि पंखा परत आला.

हे कुणी सांगितलं नव्हतं. डोक्यातला गोंधळ कमी झाला तसे बाहेरचे आवाज दुप्पट झाले. आधी गोंधळात ते मुरायचे, आता एकेक सुटा ऐकू यायला लागला. डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न होतं, औरंगाबाद रोडच्या एका लॉनवर. डीजे, ढोल, तीनशे माणसं, आणि प्रत्येकीला मिठी मारायची. पूर्वी मी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतली नव्वद मारून आत जायचे आणि मग मीच सगळ्यांना नाचायला ओढायचे. या वेळी कानात फोमचे बोळे घालून कडेच्या खुर्चीवर बसले. मामी आली, म्हणाली, "बरं नाही का? किती छान बोलायचीस तू, आता अगदीच घुमी झालीस." मग मावशीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या बेताने, "आधीचीच बरी होती."

मावशीने मान खाली घातली. पूड तिनेच पाठवली होती.

'आधीचीच बरी होती' हे मला थर्टीफर्स्टच्या रात्री पुन्हा ऐकू आलं. एक क्वार्टर. एकच. दोन तारखेला बाईंना सांगितलं. मला वाटलं, फाइल बंद करतील. त्यांनी कागद घेतला आणि विचारलं, किती वाजता, कुठे, आजूबाजूला काय वाजत होतं, त्याआधी किती वेळ माणसांत होतीस? उत्तरं लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं, की पाच तास. मग त्या म्हणाल्या, "आता आणखी एक गोष्ट तपासून बघू या का?"

त्यांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. चार बैठका झाल्या. एकीत आई होती. मी दोन वर्षांची असताना चमचे लांबीप्रमाणे लावून ठेवायचे, कुणी मधला उचलला की श्वास कोंडेपर्यंत रडायचे, हे मला तिथे कळलं. निदान आलं: ऑटिझम, एडीएचडीसोबत. पूर्वी ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देत नसत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमावलीने २०१३ मध्ये ती अट काढली. तेव्हा मी सातवीत वस्तू हरवत होते.

मी जागून वाचत बसले, माझी सवयच ती. ऑटिझमवाली पुष्कळ मंडळी दारूला शिवतही नाहीत. चव नको, वास नको, आणि नियम म्हणजे नियम. म्हणून ही भानगड आमच्यात नसते असा समज होता. मग स्वीडनमध्ये सत्तावीस हजारांच्या आसपास ऑटिस्टिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१७ मध्ये आला. व्यसनाशी जोडलेल्या तक्रारी त्यांच्यात इतरांच्या साधारण दुप्पट निघाल्या, आणि ज्यांना एडीएचडीही होता त्यांच्यात कितीतरी पट अधिक. ते वाचून मला दिलासा वाटला असं म्हणणार नाही. पण लाल ट्रेमधल्या पिना आठवल्या.

व्यसनमुक्तीच्या एका गटातही दोनदा गेले. माणसं प्रेमळ होती. सगळे पुरुष, बहुतेक पप्पांच्या वयाचे, आणि एका काकांनी माझ्यासाठी मुद्दाम गार नसलेलं पाणी आणून ठेवलं होतं. पण शेवटी गोल करून हात धरायचे असतात, आणि दोन्ही बाजूंनी अनोळखी ओले तळवे हातात आले की मला प्रार्थनेचे शब्दच ऐकू येत नाहीत. तिसऱ्यांदा गेले नाही. आता पंधरा दिवसांतून एकदा त्या सायकॉलॉजिस्टसमोर बसते, समोरासमोर नाही, टेबलाच्या कडेला. तिने शिकवलेलं काम फार साधं आहे. कुठे जायचं असलं तर किती वेळ बसणार हे आधी ठरवायचं, आणि निघण्याचं कारण पाठ करून ठेवायचं. लग्नाला चाळीस मिनिटं. अक्षता टाकायच्या, जेवायचं नाही, निघायचं. कारखान्यात सरांना मी एकच गोष्ट सांगितली, आवाजाची. त्यांनी इन्स्पेक्शनचं टेबल कॉम्प्रेसरच्या भिंतीपासून स्टोअरच्या बाजूला हलवलं. एका दुपारचं काम होतं.

मैत्रिणी दोन उरल्या. बाकीच्यांना कंटाळा येतो माझा, आणि मला त्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू. त्या बोलघेवड्या मुलीची मलाही कधीकधी आठवण येते.

मार्चमध्ये मला पंचवीसावं वर्ष पूर्ण होईल, म्हणजे व्होडका प्यायचं कायदेशीर वय. पंखा बदलला. नवीनही वाजतो, पण त्याचा सूर वेगळा आहे.

परवा रात्री पान मांडून झाल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "आज वरणात थोडं जिरं घातलंय," ती म्हणाली. "आधीच सांगतेय."

मी दही-भात घेतला.